पाठ टेकली की नाही, हे सगळ्यांना दिसू द्या! ज्युदोकडून कुस्तीने काय घ्यावं?

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत दोन वर्षांच्या अंतराने दोन मोठे वाद झाले. एक गुणांवरून, दुसरा चितपटवरून. दोन्ही वेळा पैलवानांपेक्षा पंचांचीच चर्चा जास्त झाली. वादाचं मूळ कुठे आहे आणि त्यावर उपाय काय, हे समजून घ्यायचं तर ज्युदोकडे बघावं लागेल. कारण डाव जवळपास तेच आहेत, मोजण्याची पद्धत मात्र वेगळी आहे.

नेमकं काय घडलं होतं?

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातली निर्णायक लढत. एका बाजूला पृथ्वीराज मोहोळ, दुसऱ्या बाजूला खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे. चाकण, राजगुरुनगर, भोसरी, मोशी या पट्ट्यात शिवराज म्हणजे आपला माणूस. जानेवारी २०२३ मध्ये त्याने पुण्यात महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, तेव्हा या भागात किती फ्लेक्स लागले होते, ते अनेकांना आठवत असेल.

अहिल्यानगरला पंचांनी मोहोळच्या बाजूने चितपटचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं शिवराजचं म्हणणं होतं. रिव्ह्यू मागूनही मिळाला नाही, असं त्याच्या बाजूने सांगण्यात आलं. वाद वाढला आणि शिवराजने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे अंतिम लढतीतही महेंद्र गायकवाडने निर्णयावर आक्षेप घेत मैदान सोडलं आणि मोहोळ विजेता ठरला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली.

पंचावर हात किंवा पाय उचलणं चूकच. त्याला 'पण' लावायची गरज नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. त्या क्षणी खांदे टेकले होते की नाही, याचं उत्तर मैदानात बसलेल्या हजारो लोकांना आणि मोबाईलवर बघणाऱ्या लाखोंना का मिळालं नाही?

त्याआधीचा वाद : दोन गुण की चार?

याच प्रश्नाचा पहिला अंक जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला झाला होता. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत होती. महेंद्रने बाहेरली टांग लावली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदर धोकादायक स्थितीत पडलाच नाही, त्यामुळे चार गुण कसले, असा सवाल सोशल मीडियावर सुरू झाला. लढतीतल्या एका पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार थेट पोलिसांत गेली.

हा वाद सामान्य प्रेक्षकाला कळायला अवघड होता, कारण त्यामागचा नियम फार कमी जणांना माहीत असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण मिळतात. उभ्या स्थितीतून फेकल्यावर तो थेट 'धोकादायक स्थितीत' पडला तर चार. मोठ्या उंचीवरून, मोठा झोका देऊन फेकलं तर पाच. धोकादायक स्थिती म्हणजे पाठ आणि मॅट यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी होणं.

म्हणजे कोथरूडचा सगळा गदारोळ एका कोनावरून होता. पाठ ९० अंशांच्या आत आली होती की नव्हती? आली असेल तर चार, नसेल तर दोन. दोन गुणांचा हा फरक अख्खी लढत फिरवतो.

डाव तेच, नावं वेगळी

आता ज्युदोकडे वळू. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका मंदिराच्या छोट्या जागेत 'कोदोकान' ही संस्था सुरू केली आणि जुन्या जुजुत्सुमधून ज्युदो घडवला. आज कोदोकानच्या अधिकृत यादीत फेकण्याचे ६८ आणि जमिनीवर धरण्याचे, गळा आवळण्याचे व सांधे मुरगळण्याचे मिळून ३२, असे १०० डाव आहेत.

ही यादी आपल्याकडच्या वस्तादांसमोर ठेवली तर निम्म्या डावांना ते मराठी नाव देतील. ज्युदोतली 'सेओई-नागे', म्हणजे हात धरून खांद्यावरून समोर आपटणं, हा आपल्या धोबीपछाडचा भाऊ. मान कवेत घेऊन कमरेवरून फेकण्याची 'कोशी-गुरुमा' आपल्या ढाकेच्या जवळ जाते. हेलसिंकीला १९५२ मध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच ढाकेसाठी ओळखले जात. टांगेची नातेवाईक मंडळी ज्युदोत 'हराई-गोशी' आणि 'उची-माता' या नावांनी सापडतात.

कलाजंगाची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवं उचलून टाकणं, याला ज्युदोत 'काता-गुरुमा' म्हणतात. तरुण कानोंना आपल्याहून वजनदार सहकारी आवरत नव्हता. तेव्हा त्यांनी सुमो आणि पाश्चात्त्य कुस्तीची माहिती शोधून हा डाव बसवला, असं सांगितलं जातं. म्हणजे ज्युदोनेही कुस्तीकडून घेतलं आहे. आता कुस्तीने ज्युदोकडून काही घ्यायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

फेकण्यामागचं मेकॅनिक्स

डाव सारखे असण्याचं कारण साधं आहे. माणसाचं शरीर आणि गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखंच. उभ्या माणसाच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली रेषा त्याच्या दोन पायांच्या मधल्या जागेत पडते, तोवर तो स्थिर असतो. ती रेषा बाहेर गेली की तो पडणारच.

ज्युदोत याचे तीन टप्पे शिकवतात. 'कुझुशी' म्हणजे तोल बिघडवणं, 'त्सुकुरी' म्हणजे आपलं शरीर योग्य जागी बसवणं आणि 'काके' म्हणजे प्रत्यक्ष फेक. तालमीत वस्ताद हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. आधी ओढून घे, मग कंबर आत घाल, मग टांग लाव. चाकणमध्ये जड डाय हलवणाऱ्या कोणालाही विचारा. वजन उचलण्याआधी टेकू कुठे द्यायचा हे ठरवावं लागतं. ढाकेत कंबर हा टेकू असतो. टांगेत धड एका दिशेला ओढलं जातं आणि पाय विरुद्ध दिशेला उडवला जातो, त्यामुळे शरीर फिरतं. कलाजंगात सगळा भार आपल्या खांद्यांवर, आपल्याच मध्यरेषेजवळ घ्यायचा असतो, म्हणून तो पेलतो.

फरक आहेत, नाही असं नाही. ज्युदोत जाड सुती कपड्याची पकड मिळते, कुस्तीत घामेजलं अंग. ज्युदोत पायांना हाताने थेट पकडण्यावर २०१० पासून निर्बंध आले आणि २०१३ पासून ते पूर्णच बंद झालं. त्यामुळे आपला एकेरी पट किंवा दुहेरी पट ज्युदोत काढला तर शिक्षा होईल. कुस्तीत गळा आवळणं चालत नाही, ज्युदोत प्रौढ गटात चालतं.

ज्युदोत 'पाठ टेकली' हे कसं मोजतात?

ज्युदोत फेकून जिंकायचं तर 'इप्पोन' मिळवावा लागतो. त्यासाठी चार गोष्टी बघितल्या जातात. वेग होता का, जोर होता का, प्रतिस्पर्धी पाठीवर पडला का आणि पडेपर्यंत ताबा होता का. चारही असतील तर इप्पोन, लढत तिथेच संपली. थोडं कमी पडलं तर 'वाझा-आरी' आणि असे दोन वाझा-आरी झाले की इप्पोन.

जमिनीवर दाबून धरण्याचा प्रकार आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचा आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ, दोन्ही खांदे किंवा एक खांदा खाली आहे आणि वरच्याचा ताबा आहे, असं दिसलं की पंच हात पुढे करून मोठ्याने 'ओसाएकोमी' म्हणतो. त्याच क्षणी फलकावर वेगळं घड्याळ सुरू होतं. १० सेकंद झाले की वाझा-आरी, २० सेकंद झाले की इप्पोन. खालचा खेळाडू निसटला किंवा त्याने वरच्याचा पाय आपल्या पायांत अडकवला, तर पंच 'तोकेता' म्हणतो आणि घड्याळ थांबतं.

पंचाने काय बघितलं, हे त्याने आधी तोंडाने सांगितलेलं असतं. घड्याळ सगळ्यांना दिसतं. खालच्या खेळाडूला निसटायला किती वेळ उरला हे कळतं आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही. शिवाय मोठ्या स्पर्धांत मॅटवर एकच पंच असतो आणि टेबलावर बसलेले सहकारी व्हिडिओ बघून त्याला दुरुस्त करतात. पंचाचा निर्णय बदलणं तिथे नेहमीची गोष्ट आहे. त्याला कोणी पंचाचा अपमान मानत नाही.

कुस्तीत चितपट कशी ठरते?

कुस्तीत घड्याळ नाही. दोन्ही खांदे मॅटला लागलेले आहेत आणि वरच्याचा पूर्ण ताबा आहे, हे पंचाच्या लक्षात येईल इतका वेळ ती स्थिती टिकली पाहिजे. हा वेळ क्षणभराचाच असतो. पंच एकटा चितपट देऊ शकत नाही. जज किंवा मॅट चेअरमन यांच्यापैकी एकाची संमती लागते.

नियम म्हणून यात काही वाईट नाही. चितपटचा थरार त्या क्षणातच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेखने शिवराजला झोळी डावावर काही सेकंदांत अस्मान दाखवलं. तिथे २० सेकंद मोजत बसलो असतो तर कुस्तीची मजाच गेली असती. त्यामुळे कुस्तीत ज्युदोचं घड्याळ आणा, असं माझं म्हणणं नाही.

मुद्दा वेगळा आहे. ज्या खेळात सर्वांत मोठा निर्णय सर्वांत कमी वेळात होतो, तिथे त्या निर्णयाचा पुरावा दाखवण्याची जबाबदारी जास्त असते. ज्युदोत २० सेकंद सगळे साक्षीदार असतात. कुस्तीत एका क्षणाचे साक्षीदार दोन-तीन जण असतात आणि बाकीच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा असतो. हा विश्वास कमी झाला की काय होतं, ते कोथरूड आणि अहिल्यानगरने दाखवलं.

मोबाईलवरच्या क्लिपवर विश्वास ठेवावा का?

इथे आपल्यालाही, म्हणजे मोबाईलवर बघणाऱ्यांनाही, थोडं थांबायला हवं. साधारण व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. व्हॉट्सॲपवर चार वेळा फॉरवर्ड झालेल्या क्लिपमध्ये तपशील आणखी पुसट झालेले असतात.

दुसरी अडचण कोनाची. कॅमेरा वरच्या स्टँडमधून असेल तर मॅटपासून बोटभर वर असलेला खांदा टेकलेला वाटतो. कॅमेरा दुसऱ्या बाजूला असेल तर वरच्या पैलवानाच्या धडामागे खांदा दिसतच नाही. खांदे टेकले का, हे सांगायला मॅटच्या पातळीवरचा कॅमेरा हवा. पाठीचा कोन ९० अंशांच्या आत आला का, हे सांगायला फेकीच्या दिशेला काटकोनात असलेला कॅमेरा हवा. एका क्लिपवरून 'पंच विकले गेले' असा निकाल देणारे आपण आणि एका नजरेत निर्णय देणारा पंच, दोघांची अडचण एकच आहे. दोघांकडेही अपुरी माहिती आहे. फरक इतकाच की पंचाला सेकंदात ठरवावं लागतं, आपल्याला नाही.

जत्रेच्या आखाड्यात वेगळं काय असतं?

खेड, मावळ, हवेलीतल्या गावांच्या जत्रांत आजही निकाली कुस्त्या होतात. तिथे गुण नाहीत, फलक नाही. पाठ लागली की कुस्ती संपली. प्रेक्षक चारही बाजूंनी आखाड्याला खेटून बसलेले असतात आणि त्यातल्या निम्म्यांना डाव नावाने माहीत असतो. निर्णय पंच देतो, पण बघितलेलं गावाने असतं.

कोल्हापूरचं खासबाग मैदानही याच विचाराने उभं राहिलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये तयार झालेल्या या मैदानात मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक आहे. कुठेही बसा, कुस्ती दिसते. शंभर वर्षांपूर्वी कुस्ती सगळ्यांना दिसावी म्हणून एवढा खर्च आणि विचार झाला. आज प्रेक्षक मैदानात हजारोंनी आणि मोबाईलवर लाखोंनी आहेत, पण निर्णायक क्षण त्यांना नीट दिसेल याची सोय मात्र मागे पडली आहे.

मग काय करता येईल?

तीन गोष्टी पुरेशा आहेत आणि तिन्ही आजच्या खर्चात बसतात.

पहिली, चितपट दिल्यावर विजेत्याचा हात उंचावण्याआधी तो क्षण मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवावा. कोणी आव्हान देवो न देवो, उपांत्य फेरीपासून हे सक्तीचं असावं. त्यासाठी मॅटच्या पातळीवर किमान दोन कॅमेरे लागतील. ज्या स्पर्धेत विजेत्याला थार गाडी बक्षीस मिळते, तिथे दोन कॅमेऱ्यांचा खर्च जड नाही.

दुसरी, पंचाने कारण मोठ्याने सांगावं. 'टांग, थेट धोकादायक स्थिती, चार गुण' एवढं वाक्य माईकवर आलं तरी निम्मे वाद तिथेच मिटतील. आपल्या औद्योगिक पट्ट्यात कुठल्याही कारखान्यात जा. नापास झालेल्या पार्टला लाल टॅग लागतो आणि नापास का, हे त्यावर लिहिलेलं असतं. कारण न लिहिता पार्ट बाजूला टाकला तर सुपरवायझर विचारतोच. एका पार्टला जे मिळतं, ते वर्षभर घाम गाळलेल्या पैलवानालाही मिळायला हवं.

तिसरी, वादग्रस्त निर्णयाचं लेखी स्पष्टीकरण आणि सगळ्या कोनांतले व्हिडिओ आयोजकांनी २४ तासांत खुले करावेत. अफवा पसरण्याआधी माहिती पसरली पाहिजे.

यावर हरकती कोणत्या?

पहिली हरकत : पडद्यावर दाखवलं तर गर्दी भडकेल, पंचावर दबाव येईल. हा धोका खरा आहे. पण न दाखवल्याने गर्दी शांत राहते, असा अनुभव नाही. कोथरूडच्या वेळी धमकी आली, ती निर्णयानंतर फिरलेल्या अर्धवट क्लिपच्या वातावरणात. स्पष्ट व्हिडिओ पंचाला अडचणीत आणण्यापेक्षा वाचवण्याची शक्यता जास्त आहे. बहुतेक निर्णय बरोबरच असतात आणि ते बरोबर होते हे दाखवायला पंचाकडे आज काहीच साधन नसतं.

दुसरी हरकत : यामुळे खेळाची लय तुटेल. चितपटनंतर लढत तशीही संपलेली असते. तिथे ३० सेकंद गेले तर कोणाचं काही बिघडत नाही.

तिसरी हरकत जुन्या मंडळींची : पंचाचा शब्द शेवटचा, ही आखाड्याची शिस्त आहे. ती राहिलीच पाहिजे. ज्युदोतही वाकून नमस्कार केल्याशिवाय कोणी मॅट सोडत नाही. तरीही तिथे व्हिडिओ आहे. शिस्त आणि पुरावा एकत्र नांदू शकतात.

यात एवढं काय पणाला लागलं आहे?

महाराष्ट्र केसरीची पहिली गदा १९६१ मध्ये दिनकर दह्यारी यांनी जिंकली. तेव्हापासून हा किताब पैलवानाच्या घराण्याचं नाव बदलतो. आता तो आयुष्यही बदलतो. तीन-तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव आणि विजय चौधरी या दोघांनाही राज्य पोलिस दलात उपअधीक्षकपद मिळालं. नरसिंगने त्या तीन किताबांपैकी एक आपल्या भोसरीतच जिंकला होता.

या पट्ट्यात असे अनेक बाप आहेत, जे कंपनीत शिफ्ट करून मुलाचा दूध-बदाम-तुपाचा खर्च भागवतात. मुलगा पहाटे उठून तालमीत जातो, दहा वर्षं जोर-बैठका काढतो. त्या दहा वर्षांचा हिशेब कधीतरी एका क्षणात, एका कोनात, दोन खांद्यांत होतो. तो हिशेब त्याच्या विरोधात गेला तरी चालेल, हरणं पैलवानाला नवं नाही. पण का हरलो, हे त्याला, त्याच्या वस्तादाला आणि गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ते दिसलं तर पुढच्या वेळी तो पंचाकडे धावून जाणार नाही. तो तालमीत परत जाईल आणि जो डाव सुटला, तो पक्का करेल.